डी ड्राइव्हमधली अम्मा

अंब्या, मागच्या आठवड्यात तुझ्या घरी गेलो होतो. तेराव्यालाही आलो होतो, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं, आणि हार घातलेल्या फोटोत तू कुणाच्या तरी लग्नात हसावंस तसा हसत होतास. ते बघवेना म्हणून चार घास खाऊन निघालो. या वेळी तुझ्या लेकीनं, लावण्यानं, फोन करून बोलावलं. "इक्बालकाका, पप्पांचा कॉम्प्युटर परत एकदा बघता का जरा? अम्माचं गाणं हाय त्यात. अजून उघडेना."

तुझ्या घरात अजून असा समज आहे की मला काहीही उघडता येतं. मोबाईलच्या दुकानात हयात गेलेला माणूस, अर्ध्या सोलापूरला गाण्यांच्या चिपा, म्हणजे मेमरी कार्डं, भरून देणारा, लॉक पडलेले फोन उघडून देणारा. लावण्या चहा ठेवून शेजारी बसली. म्हणाली, "तुम्हाला सगळं जमतं की काका." मी डी ड्राइव्ह उघडला. अम्मा होती तिथे. तुझ्या आईच्या नावाचा फोल्डर आणि आत एकच गाणं. क्लिक केलं. गाणं विकणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर रडतखडत उघडलं आणि मग तीच चौकट आली: परवान्याची खात्री करता येत नाही, कृपया इंटरनेट तपासा. इंटरनेट चांगलं चालू होतं. परवाना देणारी कंपनीच बंद पडून जमाना झाला, तिथे इंटरनेट बिचारं काय करणार? हे मी लावण्याला सांगितलं. ती म्हणाली, "पण पप्पांनी विकत घेतलं होतं ना?"

हो, विकत घेतलं होतं. तीच तर सगळी बोंब आहे.

मी तुझ्यावर चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये, त्याची वाट अवघड होते. होऊ दे जरा अवघड. तू जिवंत असताना माझी कमी अवघड केलीस का?

महापालिकेच्या शाळेत एका बाकावर बसणारी आपण दोघं. घरी तू तेलुगू बोलायचास, मी दखनी, आणि भांडायचो मराठीत. पुढे तू तुझ्या वडिलांच्या मागांवर बसलास, चादरी विणायला लागलास. मी शुक्रवार पेठेत कॅसेटच्या दुकानात लागलो आणि पुढे तेच दुकान माझं झालं. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, चिप आली. दुकानाची पाटी तेवढी बदलत राहिली, धंदा एकच. वैरागहून ट्रॅक्टरवाले यायचे, लग्नाचे बँडवाले यायचे, शाळेतले मास्तर यायचे. चिप द्यायची, चहा पिऊन यायचं, तोवर गाणी भरलेली. कुणाला कधी त्यात काही वावगं वाटलं नाही. एक तू सोडून.

तू दुकानात यायचास, तासन्‌तास बसायचास, माझा चहा प्यायचास आणि गिऱ्हाइकांसमोर मला म्हणायचास, "चोर हाय बे तू." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो. पण तू खरंच म्हणत होतास. तुझ्या स्वतःच्या मोबाईलमध्ये तू मला एक गाणं कधी टाकू दिलं नाहीस. मी फुकट देत होतो, तरी नाही.

कारण मला माहीत होतं. तुझं डाळिंबाचं डिझाईन. सगळा पावसाळा आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत बसला होतास. फुटलेलं डाळिंब, त्यातले दाणे, काठाला पानं. पुठ्ठ्यांना भोकं पाडून ते मागावर चढलं आणि पहिली चादर खाली आली तेव्हा तू मला बोलावून घेतलं होतंस. मी गाण्यातला माणूस, मला चादरीतलं काय कळतं, पण ती चादर मी हातात घेऊन नुसता बघत राहिलो होतो. ती बाजारात गेली, आणि दिवाळीच्या आत तेच डाळिंब पातळ सुतावर, निम्म्या किमतीत, परगावाहून छापल्यासारखं आलं. वर लेबल काय, तर 'सोलापुरी'. त्यानंतर तू नवीन डिझाईन काढलं नाहीस. जुन्याच चौकड्या विणत राहिलास. मी विचारलं तर म्हणालास, "काढायचं कुणासाठी बे? चोरायला?"

म्हणून मी तुला चिपेवरून फार चिडवायचो नाही. पण मला आतून राग यायचा की तू मला आणि त्या डाळिंबचोराला एकाच पंगतीला बसवतोस.

मग ती कंपनीवाली माणसं आली. छोटी कंपनी होती, गावोगावची बायकांची गाणी रेकॉर्ड करत फिरायची. तुमच्या समाजाच्या मंगल कार्यालयात त्यांनी म्हाताऱ्या बायकांना गोळा केलं, बतुकम्माची गाणी म्हणायला. नवरात्रात फुलांची उतरंड रचून, तिच्याभोवती टाळ्या वाजवत तुमच्या बायका फिरतात आणि शेवटी ती पाण्यात सोडतात, ती गाणी. माइकचं मला कळतं म्हणून तू मला घेऊन गेलास. अम्मा आघाडीला होत्या. सगळी गल्ली त्यांना अम्माच म्हणायची, मीसुद्धा. शेवटचं, पाण्यात सोडतानाचं गाणं त्यांनी सुरू केलं तर तो रेकॉर्डिंगवाला पोरगा म्हणाला, आजी, जरा मोठ्यानं म्हणा. अम्मांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच चपापलो. म्हणाल्या, "पोरीला सासरी घालवताना वरडतात काय रे?" त्यानं मुकाट्यानं माइक जवळ सरकवला. ते गाणं त्यांच्या माहेरच्या गावचं होतं. इथल्या बाकीच्या बायकांना फक्त टाळी माहीत होती.

जाताना कंपनीनं प्रत्येकीला नारळ आणि ब्लाऊजपीस दिला. गाणी इंटरनेटवर विकायला लागली तेव्हा नाव होतं 'सोलापूरच्या महिला'. अम्मांचं नाव कुठेच नाही. सीडी काढलीच नाही त्यांनी. अम्मा गेल्यानंतर तू ते गाणं विकत घेतलंस. स्वतःच्या आईचा आवाज विकत घेतलास आणि मला पेढा दिल्यासारखं सांगायला आलास.

मी म्हणालो, "तुझ्या आईला त्यातलं काय मिळालं बे? ब्लाऊजपीस?"

"म्हणून काय मी चोरू का?"

हा वाद आपण किती वर्षं घातला, सांगता येणार नाही. तुझं म्हणणं, एकानं चूक केली म्हणून दुसऱ्यानं करू नये. माझं म्हणणं, आईचा आवाज घेण्याला चोरी म्हणत नाहीत. हा वाद अर्धाच राहिला, आणि आता तो मला एकट्याला दोन्ही बाजूंनी घालावा लागतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की घालतो.

त्या गाण्याला कुलूप होतं. ते फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये वाजायचं, आणि मोजून ठरवलेल्या तेवढ्याच यंत्रांवर. दुसरीकडे नेलं की मुकं. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, हे कुलूप माझ्यासारख्यासाठी लावलंय, पण मला ते आडवं येत नाही, कारण मी त्या दाराने जातच नाही. आडवं येतं तुझ्यासारख्याला. तू म्हणालास, "येऊ दे की. माझं घर, माझा कॉम्प्युटर. मला कुटं न्यायचंय?"

तुला कुठे न्यायचं नव्हतं, पण कॉम्प्युटर जागच्या जागी बदलत होता, ते तुला कळलं नाही. मलाही फार उशिरा कळलं. तुझा कॉम्प्युटर मागांच्या शेजारच्या खोलीत. सुताची धूळ, लाईटीचं येणंजाणं, महिन्याआड तो आजारी. आणि आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांना औषध एकच माहीत. हळू चालतो? फॉरमॅट. प्रिंट येत नाही? फॉरमॅट. माऊस हलत नाही? आधी फॉरमॅट, मग माऊस बघू. तू निर्धास्त असायचास. प्रत्येक वेळी त्याला बजावायचास, "सी उडवा, डी ला हात लावू नका. डीत माझी अम्मा हाय." आणि तो बिचारा खरोखर डी ला हात लावायचा नाही. गाणं डीमध्ये सुखरूप असायचं. पण परवाना सीमध्ये असायचा. दर फॉरमॅटला तो पुसला जायचा आणि कंपनीच्या लेखी तू एक नवा कॉम्प्युटर घेतलेला असायचास. एकाच टेबलावरचा एकच डबा, आणि तिकडे कुणाला तरी वाटत होतं की हा सोलापूरचा माणूस घरोघर गाणं वाटत सुटलाय.

शेवटच्या फॉरमॅटनंतर गाणं उघडलं नाही. तुझा कोटा संपला होता. तू फोन केलास, तिकडून गाण्याची धून वाजत राहिली. मेल लावण्याकडून लिहून घेतलंस. पुढे कंपनीच बंद पडली. हे सगळं झाल्यावर तू माझ्याकडे येऊन काय म्हणालास, आठवतं? "अट होती बे त्यात. आपणच वाचली न्हाय." ज्यांनी विकलं त्यांचं चुकलं, असं तू एकदाही म्हणाला नाहीस. मी त्या दिवशी तुला दुकानातून जायला सांगितलं होतं. तू गेलास, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला परत येऊन बसलास.

मी प्रयत्न कमी केले नाहीत. कॉम्प्युटरची तारीख मागे करून बघितली. हार्ड डिस्क काढून ओळखीच्या पोरांना दाखवली. कुठे कुणी हे गाणं फोडून टाकलंय का, ते शोधत बसलो. जिथे जिथे चोरीची गाणी मिळतात त्या सगळ्या जागा मला माहीत आहेत. सिनेमाची, भक्तीची, आजवर निघालेली एकूण एक गाणी कुणी ना कुणी चोरून ठेवलेली आहेत. अम्मांचं कुणी चोरलेलं नव्हतं. चोरावं असं कुणाला वाटलंच नव्हतं. माझ्या धंद्यातल्या माणसांचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

आणि ती एक संध्याकाळ. गाणं अजून वाजत होतं तेव्हाची. तू कानावर ते मोठे हेडफोन चढवून बसला होतास. मागांच्या खडखडाटात कान गेलेले, त्यामुळे आवाज एवढा मोठा ठेवायचास की शेजारी उभ्या माणसालाही अम्मा ऐकू यायच्या. मी तुला म्हणत होतो, एक वायर लावू दे, दोन्हीकडे पिन असलेली, एक टोक तुझ्या कॉम्प्युटरला, एक माझ्या फोनला. गाणं एकदा वाजेल तेवढ्यात काम होतं. कुलूपबिलूप काही आड येत नाही. तू म्हणालास, "नको बे. हे तरी राहू दे." तेवढ्यात आतून कुणी हाक मारली, मागाचा पट्टा तुटला म्हणून. तू हेडफोन काढून टेबलावर ठेवलेस आणि गेलास. गाणं चालू. वायर माझ्या खिशात. ती कायम असायचीच, धंद्याचं हत्यार आहे ते.

मी खिशात हात घातला आणि तसाच बसून राहिलो. तू मला एकट्याला सोडून गेला होतास, ज्याला रोज चोर म्हणतोस त्याला, तुझ्या आईसोबत. हेडफोनमधून अम्मा बारीक आवाजात गात होत्या. गाणं संपलं. तू आलास, हात पुसत, आणि पहिलं काय विचारलंस तर, "चहा झाला का तुझा?" तुझ्या मनात काही आलंच नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चलो, एक दिन तो उनों के सरीके हुए तुम." तुझ्यासारखा झालो म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज त्या बरं वाटण्याची चीड येते.

दवाखान्यात तू शेवटी शेवटी फार बोलत नव्हतास. छातीत सूत भरलेलं, वाक्य पुरं व्हायला दम पुरायचा नाही. मी गावातल्या गप्पा सांगायचो, तू मान हलवायचास. एक दिवस तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "इक्बाल्या, ती वायर हाय का बे तुझ्याकडं?"

"हाय की."

"आन. एकदा घेऊ अम्माला."

तुला विसर पडला होता की गाणं आता वाजतच नाही. का विसर पडला नव्हता आणि तरी म्हणत होतास, ते मला कळलं नाही. एवढी वर्षं मी ज्या 'हो'साठी तुझ्याशी भांडलो, तो तू मला अशा वेळी दिलास की त्याचं मी काय करू? मी म्हणालो, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आलो. तुला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. मी वायर खिशात ठेवूनच बाकावर बसून राहिलो. त्यानंतर तू जागा असा झालाच नाहीस.

तुझे आभार मानायचे राहिले, तेही इथेच मानतो. साऱ्या पेठेत मला सरळ तोंडावर चोर म्हणणारा तू एकटा होतास, आणि त्याच चोराच्या भरवशावर सगळं उघडं टाकून जाणाराही तू एकटाच. आता चिपेचा धंदा संपला. लोक ॲपवर ऐकतात, मी काचा आणि कव्हरं विकतो. कुणी मला चोर म्हणत नाही. दुकानात बसून कुणी माझा चहा पीत नाही. मला ते फार लागतं, अंब्या.

त्या दिवशी लावण्या सांगत होती, या नवरात्रात गल्लीत बतुकम्मा व्हायची आहे आणि शेवटचं गाणं अम्माचं लावावं असं तिच्या मनात आहे. तिला पहिल्या दोन ओळी येतात. तुझी वहिनी, अम्मांची थोरली सून, त्याच दोन ओळी वेगळ्या म्हणते. टाळ्या वाजवणाऱ्या त्या म्हाताऱ्या बायकांतली आता एकही नाही. मागच्या वर्षी पाण्यात सोडताना डीजे होता. त्या डीजेला गाणी कुणी भरून दिली होती, ते मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत असणार.

बुडालेल्या कंपनीचा माल एका मोठ्या कंपनीनं घेतलाय, असं मी शोधून काढलं होतं. लावण्यानं त्याच रात्री त्यांना इंग्रजीतून चांगलं लिहिलं. आमचे वडील वारले, गाणं त्यांनी विकत घेतलेलं आहे, ते आमच्या आजीनं गायलेलं आहे, उघडून द्या किंवा तुमच्याकडून परत द्या. उत्तर काल आलं. तिनं दुकानात येऊन मला वाचून दाखवलं. हे रेकॉर्डिंग आमच्या साठ्यात सापडत नाही. तथापि त्याचे सर्व हक्क आमच्याकडे आहेत, आणि विनापरवाना प्रत काढल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते.

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडं पण नाही?"

"नाही."

"मग फक्त आपल्याच कॉम्प्युटरमधे हाय?"

"हो."

"आणि ते उघडणार नाही."

मी काउंटरवरची काच पुसत राहिलो. ती पोरगी रडली नाही, तुझ्यासारखीच आहे. म्हणाली, "पप्पा म्हणायचे, इक्बालकाका एक दिवस अम्माला चोरून नेणार. लई हसायचे ते तेव्हा." आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काही बोलेन म्हणून. तिच्या डोळ्यांत अजून थोडी आशा होती, अंब्या. तिला वाटत होतं, हा माणूस चोर आहे, याने तेव्हा काहीतरी करून ठेवलेलंच असणार.

मी तिला सांगितलं, नाही बेटा, मी घेतलं नाही.

तू जिंकलास, अंब्या. तुझ्या अम्माचं गाणं कुणीही चोरलं नाही. मी चोरलं असतं, तर काल तुझ्या लेकीनं ते ऐकलं असतं.